सालीचा फेस

लेक पुण्याहून आली ती माझ्यासाठी नव्हे. झाडाच्या सालीतल्या टॅनिनचा, म्हणजे तुरट द्रव्याचा, थर्माकोलसारखा फेस वसईच्या खाऱ्या, दमट हवेत कसा घट्ट होतो, हे तिला पाहायचं होतं. फेस कडक झाला की ती जाणार. मी मनातल्या मनात हवेला विनवलं, बाई, जरा जास्तच दमट राहा.

गॅलरीत तिनं डब्यात सालीची तपकिरी पूड आणि कुठलासा द्रव घोटला, वर आम्लाचे थेंब सोडले. "बाबा, आता हे आपलं आपण तापेल, फुगेल आणि फुगतानाच कडक होत जाईल. हात लावू नका." तेवढ्यात फोन आला म्हणून ती आत गेली.

सालीचा तुरट वास नाकात शिरला आणि मी थेट लहानपणीच्या पाचूबंदरच्या कोळीवाड्यात पोचलो. सुती जाळी टिकावीत म्हणून वडील ऐनाची साल पिंपात उकळायचे, माझ्या हातात काठी देऊन बजावायचे, "पानी ढवळत रहा, साल तली लागंल." त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण हात अजून त्यांचंच ऐकतो. डब्यातलं मिश्रण वर येताना दिसलं आणि मी चमचा घालून ढवळलं. फेस फुस्स झाला. खाली काकवीसारखा लगदा.

"बाबा! बुडबुड्यांच्या भिंती घट्ट धरायच्या आधीच फोडल्यात!"

"चहातली साखर कधी ढवळली नाही या माणसानं," बायको आतून म्हणाली.

"मुद्दाम केलंत ना?"

"नाही गं." हे खरंच होतं. पण आता तिला एक दिवस जास्त राहावं लागणार, हे लक्षात येऊन मला झालेला आनंद मात्र तितका सोज्वळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं नवं मिश्रण घोटलं आणि मी हात मागे बांधून उभा राहिलो. फेस फुगला, काळपट झाला, डब्याच्या वर येऊन तिथेच थांबला. "ओलं वाटतंय अजून," असं मी दिवसभरात चारदा म्हणून पाहिलं. संध्याकाळी तिनं नखानं टकटक केलं. आवाज कोरडा आला.

"झाला."

"रात्रभर ठेवून बघ की. समुद्राची हवा आहे."

"बाबा, एकदा धरलं की ते परत सैल पडत नाही."

तिनं ठोकळा टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवला. पिशवी मीच घेतली. पोकळच असल्यासारखी हलकी होती. नाक्यावर आलेल्या पहिल्या दोन रिक्षा मी तशाच जाऊ दिल्या.