चार टायरांची खंडेनवमी

आमची गाडी कागदोपत्री माझी आहे. बाकी सगळ्या अर्थांनी ती बायकोची. बायको इगतपुरीला शाळेत शिकवते आणि तिच्या शाळेतल्या आणखी तिघी मुंबई नाक्यावरून तिच्याबरोबर बसतात. चौघींचे डबे, छत्र्या, तपासायचे पेपर आणि मुख्याध्यापकांबद्दलची मतं एवढं सगळं घेऊन ती चिमुकली गाडी रोज घाटमाथ्यापर्यंत जाते आणि परत येते. रविवारी सुट्टी. त्या रविवारवर माझा डोळा होता.

शहराबाहेर एक छोटा ट्रॅक आहे. नुसता वळणावळणाचा डांबरी रस्ता. फरक एवढाच, की समोरून कोणी येत नाही आणि मधे गाय बसत नाही. एखाद्या रविवारी तिथं कोणीही आपली घरची गाडी घेऊन जावं, हेल्मेट घालावं आणि हवी तशी पळवावी. शर्यत नाही, बक्षीस नाही. कारखान्यातल्या माझ्या मित्राला हा नाद जुना आहे. त्यानं मला एकदा शेजारी बसवून दोन चकरा मारल्या. उतरलो तेव्हा तोंडावर जत्रेतल्या पाळण्यातून उतरलेल्या पोराचं हसू होतं. वय पंचेचाळीस.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती शिक्षिका असल्यामुळे चुकीचं उत्तरसुद्धा शेवटपर्यंत ऐकून घेते.

"जा की," ती म्हणाली. "पण सोमवारी सकाळी गाडी जशीच्या तशी दारात पाहिजे. मागच्या सीटसकट. एक वस्तू जरी कमी दिसली ना, तर हे खूळ कायमचं बंद."

"मागच्या सीटला मी कशाला हात लावू?"

"अहो, मी तुम्हाला ओळखते."

खरं म्हणजे मागच्या सीटचा विचार तोवर माझ्या डोक्यात नव्हता. तो तिनं घातला.

मित्राचा सल्ला साधा होता. ब्रेक ऑइल बदल, ब्रेक पॅड चांगल्यातले टाक, टायर चांगले घे आणि गाडीतला पसारा काढ. "बाकी कशाला हात लावू नकोस," हे त्यानं दोनदा सांगितलं. ब्रेकचं काम गॅरेजमध्ये झालं आणि चोख झालं. आठवडाभर बायको त्या ब्रेकवर इगतपुरीला गेली-आली आणि काही बोलली नाही. आमच्या घरात ह्याला कौतुक म्हणतात.

पसाऱ्याचं खातं मी स्वतःकडे घेतलं. सीटखालून दोन मोडक्या छत्र्या निघाल्या, संपलेल्या लाल पेनांचा जुडगा निघाला, एक डबा निघाला. डबा उघडायची हिंमत झाली नाही, आतल्या भाजीसकट तो दान केला. एवढं काढूनही हात थांबेना. गाडी हलकी करायची म्हटल्यावर प्रत्येक वस्तू डोळ्यांत खुपायला लागते. शेवटी गुरुवारी संध्याकाळी, शाळेला दसऱ्याची सुट्टी लागताच, पाना घेऊन मागची सीटच सोडवली आणि धापा टाकत दुसऱ्या मजल्यावर नेऊन गॅलरीत ठेवली.

आईनं सीटकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे कशाला काढलंस?"

"वजन कमी करायला."

"मग स्वतःपासून सुरुवात करायची ना!"

मित्रानंही फोनवर हेच सांगितलं, फक्त जास्त सविस्तर. "लेका, सीट काढून जेवढं वाचवलंस त्याच्या दुप्पट तू लग्नानंतर पुढच्या सीटवर ठेवलंयस."

त्यावर उपाय नव्हता. टायरांवर होता. ट्रॅकवरचे मऊ टायर रोजच्या रस्त्यावर झिजवायचे नसतात. ते जुन्या रिमवर चढवून गाडीत घालून न्यायचे आणि तिथं जाऊन चाकं बदलायची. म्हणजे सीट काढून जी जागा मोकळी झाली होती, तिथं आता चार चाकं बसणार होती. गाडी हलकी करण्याच्या भरात मी ती पहिल्यापेक्षा जड करून ठेवली होती, पण हे गणित मी घरात कोणाला करू दिलं नाही.

आणि ह्या सगळ्यात शुक्रवारी आली खंडेनवमी.

आमच्याकडे त्या दिवशी झाडून सगळी हत्यारं देवापुढे येतात. विळी, अडकित्ता, आईची शिवणकामाची कात्री, माझे पाने आणि स्क्रू ड्रायव्हर. प्रत्येक हत्याराला तेलाचं बोट लागतं, मग हळदकुंकू, मग झेंडू. चाकं बैठकीतच रचून ठेवली होती, कारण गॅलरी सीटनं अडवली होती.

"ह्यांची पण पूजा करायची असेल ना?" आईनं विचारलं. "जाणार आहेस त्यांच्यावर जीव टाकून. तेलाचं बोट लाव."

आता एक बोट म्हणजे एक बोट. पण मी पडलो भाविक, शिवाय हौशी. खोबरेलाची बाटली घेतली, जुनं बनियन घेतलं आणि पाटावर बसून चारही टायरांना, रस्त्याला टेकतो त्या भागासकट, खाचाखाचांतून तेल चोळलं. नव्या बाळाला चोळतात तसं. रबर असं काळंभोर चमकायला लागलं, की मी फोटो काढून मित्राला पाठवला. त्यानं नमस्काराचं चिन्ह पाठवलं. त्याला वाटलं, पाण्यानं धुतलेत.

रविवारी सकाळी ट्रॅकवर पोचलो. आधी गाडीची तपासणी होते. तपासणाऱ्या माणसानं ब्रेक बघितले, मान डोलावली. सुटं काही राहिलंय का बघितलं आणि त्याचं बोट डॅशबोर्डवरच्या गणपतीवर थांबलं. पितळेचा, अंगठ्याएवढा, आईनं दुहेरी चिकटपट्टीनं बसवलेला.

"हा काढावा लागेल. वळणावर उडाला तर डोळा जाईल."

"रोज इगतपुरीला जातो, आजवर उडाला नाही."

"आजवर तुम्ही इगतपुरीलाच नेत होतात ना?"

देव अलगद सोडवला आणि पॅन्टच्या खिशात ठेवला. मग चाकं बदलली, हेल्मेट चढवलं आणि निघालो.

सरळ रस्त्यावर सगळं झकास चाललं होतं. पहिल्या वळणाला मी स्टिअरिंग फिरवलं. गाडीनं ते मनावर घेतलं नाही. ती थोडा वेळ सरळ गेली, मग मागची बाजू पुढं यायला निघाली, आकाश, झाडं, पार्किंग, परत झाडं असं सगळं खिडकीतून ओळीनं जाऊन आलं आणि मी गवतात, आलो त्या दिशेला तोंड करून, इंजिन बंद पडलेल्या अवस्थेत थांबलो. मागं जुन्या टायरांची भिंत होती. आरशात ती इतकी जवळ दिसत होती, की तिच्यावरची धूळ मोजता आली असती.

त्या क्षणी मला देव आठवला नाही. सोमवार आठवला. चेपलेली डिकी, मुंबई नाक्यावर उभ्या तिघी, आणि त्यांच्यासमोर काहीही न बोलणारी बायको.

वळणावर झेंडा धरून उभे असलेले काका चालत आले. मनमाडचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. झेंडे दाखवायची सवय सुटेना म्हणून इथं येतात असं नंतर कळलं. त्यांनी गाडीला एक फेरी मारली.

"लागलं नाय कुठं. हातभर राहिली." मग खिडकीत वाकून म्हणाले, "साहेब, आमच्याकडं गाडी उलटी न्यायची असली तर आधी इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावतात."

मी हसायचा प्रयत्न केला. काकांनी नाक वर करून वास घेतला.

"हितं कोण खोबऱ्याच्या वड्या करतंय?"

गाडी हळूहळू चालवत परत आणली. मित्र धावत आला. गरम टायरवर त्यानं बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की हेल्मेट काढावंसं वाटेना.

"टायरला तेल लावलंस?"

"खंडेनवमी होती."

"अरे, टायरचं काम काय? रस्त्याला धरून ठेवायचं. तू त्याला तेल लावलंस!"

"आई म्हणाली, बोट लाव."

"मग हे काय, अख्खा हात बुडवलास?"

चहाच्या टपरीवरून भांडी घासायचा साबण आणि नारळाचा काथ्या मागून आणला. एक बादली, दोन माणसं, चार टायर. मित्र घासताना एकसारखा बडबडत होता, मी निमूटपणे पाणी ओतत होतो. जे नारळानं लावलं ते नारळानंच काढलं. येणारेजाणारे थांबून विचारायचे, काय चाललंय, आणि मित्र प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचा. दुपारपर्यंत अख्ख्या ट्रॅकवर मला ओळखत नाही असा माणूस उरला नाही.

मग मात्र गाडी धरून चालली. पहिल्या दोन चकरा मी अशा मारल्या जणू मागं तिघी डबे मांडीवर घेऊन बसल्यात. तिसरीत थोडा सैल झालो. ब्रेक दाबावा तिथं गाडी थांबत होती, वळवावी तिकडं जात होती. रोज पेपर आणि छत्र्या वाहणारी आमची ही चिमुकली बया नाक खाली घालून वळणं घेत होती, आणि मी हेल्मेटच्या आत मोठ्यानं ओरडत होतो. काय ओरडत होतो ते आता आठवत नाही. सगळे मला ओलांडून जात होते. माझ्यापेक्षा हळू फक्त अॅम्ब्युलन्स होती, आणि तीही उभी असल्यामुळे.

संध्याकाळी घरी आलो तर गॅलरीत आई आणि तिच्या भजनी मंडळातल्या दोघी मागच्या सीटवर मांडी घालून बसलेल्या. पाठीला उशी, समोर चहा.

"आई, सीट लागेल."

"कमरेला बरं वाटतंय रे. राहू दे की."

"सोमवार आहे उद्या!"

बायको आतून बघत होती. मध्ये पडली नाही. शेवटी तिन्ही भजनी बायकांना दिवाळीनंतर वणीच्या देवीला ह्याच सीटवरून नेण्याचं कबूल केलं, तेव्हा त्या उठल्या. सीट खाली नेली, बसवली, बोल्ट आवळले. बंपरखालचं गवत उपटलं. छत्र्यासुद्धा, मोडक्या का होईना, होत्या तिथं ठेवल्या. लाल पेनं ठेवली. वर येऊन घामानं निथळलेले कपडे काढून टोपलीत टाकले आणि आडवा झालो.

सोमवारी सकाळी बायकोनं गाडीला फेरी मारली. चारी बाजूंनी पाहिलं, सीट दाबून पाहिली, डिकी उघडली. मी शेजारी, तपासणीला उभ्या पोरासारखा. ती आत बसली. हात जोडले. आणि हात तसेच राहिले. समोर डॅशबोर्डवर चिकटपट्टीचा एक पांढरा गोल होता.

"देव कुठंय?"

मी खिसा चाचपला. चुकीच्या पॅन्टचा. त्याच वेळी दुसऱ्या मजल्यावरून वॉशिंग मशिनचा आवाज येत होता, आणि त्या घरघरीत मधूनच काहीतरी पितळी वाजत होतं. खण्ण. खण्ण.

दोघांनीही वर पाहिलं. गॅलरीतून आई वाकली. "काय रे, ह्या पॅन्टीत नाणी ठेवलीस काय?"

बायकोनं स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. खांदे हलायला लागले. मी मनातल्या मनात मऊ टायर विकायला काढले. मग तिनं मान वर केली, तर ती हसत होती. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"अहो, विसर्जन केलंत तुम्ही त्याचं! खूळ बंद, असंच ठरलं होतं ना?"

"ठरलं होतं."

तिनं गाडी सुरू केली. ब्रेकवर एकदा पाय दाबून पाहिला, जरा विचार केला.

"ब्रेक मात्र चांगले करून आणलेत. उतारावर बरं वाटतं." आणि मग गियर टाकत म्हणाली, "पुढच्या वर्षी जा. एकदाच. तोवर विषय काढायचा नाही."

"पुढच्या वर्षी 'लवकर' असं म्हणतात," मी म्हणालो.

तिनं काच वर केली.