बोळामास्तर आणि वन्संचे कान

मास्तर,

हे पत्र तुमची मुलगी तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवणार आहे. ती वाचत असताना मधेमधे "तसं नव्हतं ते" म्हणायचं नाही. काय तक्रार असेल ती शेवटी करा.

परवा तिचा फोन आला होता. म्हणाली, "काकू, बाबा नातवाला सांगतात, तिकडे गावाला त्यांनी बिबट्या पकडला. पोरगा शाळेत जाऊन तेच सांगतो आणि त्याच्या बाई मला बोलावून विचारतात. बाबा तिकडे नक्की करायचे तरी काय?" बिबट्या म्हणे. साधी पाल कधी हातात धरली नाहीत तुम्ही. झुरळ दिसलं की अर्ध्या शिडीवरून उडी टाकणारा माणूस. तिला म्हटलं, लिहूनच पाठवते. नातवाला खरी गोष्ट मिळेल आणि मला तुम्हाला जे सांगायचंय तेही उरकेल. समोरासमोर सांगायची सोय नव्हतीच. तुम्ही गप्प बसाल तेव्हा ना.

तुम्ही मूळचे शिंपी, म्हणून मास्तर. बाजाराच्या गल्लीत ते अरुंद दुकान, एक मशीन, एक आरसा, आणि आरशात सारखं डोकावून मिशी ठीकठाक करणारे तुम्ही. मिशीला कलप लावता हे सगळ्या गावाला माहीत होतं, आणि लावत नाही असं शपथेवर सांगता हेही. एकदा उंदरांनी एका गिऱ्हाइकाचा नवाकोरा कोट बाहीपासून खिशापर्यंत कुरतडला. तुम्ही सापळा लावला नाहीत, विष घातलं नाहीत. दुकानाचं दार लावून आत अंधारात बसलात आणि जिथून म्हणून उजेडाची रेघ आत येत होती, तिथे भांडी घासायची तारेची घासणी कोंबून वर सिमेंट थापलंत. उंदीर गेले. मग शेजारच्या भांडीवाल्याने बोलावलं, मग त्याच्या मेहुणीने. तयार कपडे विकायला आले तशी मशीनवर धूळ बसली, पण तुमची शिडी कधी रिकामी राहिली नाही. गावाबाहेरच्या कौलारू घरांतून खारी, वटवाघळं, माकडं, माळ्यावरची घुबडं बाहेर काढायची आणि पुन्हा आत येणार नाहीत अशी तजवीज करायची, हा तुमचा धंदा झाला. लोक बोळामास्तर म्हणायला लागले. तुम्हाला ते आवडायचं नाही. "बोळा मोरीला घालतात," म्हणायचात. "मी घर शिवतो."

बढाईखोर होतात, हे लिहायलाच हवं. काम संपलं की शिडीवरून उतरायचं, हात झटकायचे आणि भोवती जमलेल्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "झालं. आता मुंगीसुद्धा विचारून आत येईल." हे वाक्य मी निदान दहा अंगणांत ऐकलंय.

आता वन्संचं सांगते. नातवासाठी: वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. त्यांचा मुलगा, माझा भाचा, शहरात असतो. आम्ही दोघी म्हाताऱ्या वन्संच्या घरात राहतो आणि कुणामुळे कुणाचं चाललंय यावर रोज वाद घालतो. मला कमी ऐकू येतं. वन्संना गरजेपेक्षा जास्त.

एका वर्षी वन्संना छतावर कुणीतरी चालत असल्याचं ऐकू यायला लागलं. मला अर्थातच काही नाही, त्यामुळे माझी साक्ष बाद. त्यांनी मुलाला सांगितलं. तो आला, राहिला, कान देऊन बसला, आणि नेमकं तेव्हा वर चिडीचूप. पुन्हा आला, पुन्हा तेच. मग फोनवर त्याचा आवाज मऊ झाला. मुलांचा आवाज मऊ झाला की समजावं, आपल्यामागे काहीतरी ठरलंय. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामी, या वयात असे भास होतात. मी डॉक्टरांशी बोललोय. आईसाठी आमच्याकडची खोली रिकामी केलीय. शनिवारी न्यायला येतो." वाईट नाही हो तो. घाबरला होता. पण घर बंद होणार होतं, आणि वन्सं वेड्या ठरून त्यातून बाहेर पडणार होत्या.

त्या संध्याकाळी त्या भाजी निवडत बसल्या होत्या. उभ्या जन्मात ज्यांनी आपली चूक मान्य केली नाही, त्या मला म्हणाल्या, "खरंच भास असेल का गं?"

ते मला बघवेना. मी चपला घातल्या आणि तुम्हाला किराणा दुकानाच्या बाकावर गाठलं.

"मास्तर, आमच्या वन्संना वर चालण्याचा आवाज येतो. मुलगा म्हणतो भास आहे."

"मुलगा कुठे असतो?"

"शहरात."

"मग तिथून त्याला कसं ऐकू येणार?" म्हणालात आणि उठलात.

तोवर सगळ्यांनी वन्संना एकच विचारलं होतं, ऐकू येतं का. तुम्ही आलात, चहा बशीत ओतलात आणि विचारलंत, "ताई, चालतो कसा?"

वन्संनी तुमच्याकडे नीट पाहिलं. मग टेबलावर बोटांनी वाजवून दाखवलं. "असा. जड आहे, पण अनवाणी. अंधार पडायला लागला की निघतो. थोडं चालतो, थांबतो, मग उतारावरून खाली. पहाटे परत येतो तेव्हा घाईत असतो. आणि दुसरं एक आहे, बारीक. डाळ सांडल्यासारखं."

"बारीक ते उंदीर. जड ते उदमांजर," तुम्ही लगेच निकाल दिलात. "चोर तर नाहीच. चोराला इतकं निवांत चालता येत नाही."

"उंदीर मला कळतो," वन्सं म्हणाल्या. तुम्ही लक्ष दिलं नाहीत.

माळ्यावर चढलात आणि उतरलात ते माझी चांगली बशी घेऊन. तिच्यावर काय होतं ते नातवाच्या देखत लिहीत नाही. त्यात पपईच्या बिया होत्या, एवढं पुरे. "बघा," म्हणालात, "भासाला बिया नसतात." बशी मी फेकून दिली. वाक्य ठेवलंय.

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामी, ते जुनंही असेल." आणि शनिवारी गाडी घेऊन दारात हजर. वन्संची बॅग भरून पुढच्या खोलीत ठेवलेली. औषधांची पिशवी वेगळी. तुम्ही शिडी खांद्यावर घेऊन आलात तेव्हा तो बॅग उचलतच होता.

तुमची पद्धत नातवाला सांगायला हवी. उजेड जायच्या वेळेला घराच्या चार कोपऱ्यांना चार माणसं बसवायची. घरातले दिवे बंद, तोंडं बंद, नजर छपराच्या कडेवर. जनावर कुठल्यातरी एका बाजूने निघणार आणि चौघांतल्या एकाला तरी दिसणार. यासाठी तुम्ही लोकांना टीव्हीसमोरून उठवायचात, भांडणातून उठवायचात. एकमेकींशी अबोला धरलेल्या जावांना एकाच भिंतीच्या दोन टोकांना बसवल्याचं तर मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्याकडे वन्सं, मी आणि तुम्ही. चौथा भाचा.

"तुम्ही त्या पावसाच्या पाण्याच्या पाइपाच्या कोपऱ्यावर बसा," तुम्ही त्याला फर्मावलंत.

"मास्तर, मला अंधार व्हायच्या आत निघायचंय."

"मला अंधारच हवाय. बसा."

एवढा मोठा अधिकारी माणूस, बॅग खाली ठेवून मुकाट्याने पाइपाजवळच्या दगडावर जाऊन बसला. मी पेरूच्या बाजूला होते. डास चावत होते आणि मारायला बंदी. बऱ्याच वेळाने त्याची कुजबुज ऐकू आली. मला ऐकू आली म्हणजे ती कुजबुज नव्हती.

"मामी. शेपूट. मामी, केवढी शेपूट आहे."

उदमांजर पाइपावरून उतरलं, भिंतीच्या कडेने चालत गेलं आणि दिसेनासं झालं. तुम्ही लगेच शिडी लावलीत. पाइपाच्या वर, छपराच्या कोपऱ्यात एक फळी कुजून सुटली होती. तिथे नवी फळी ठोकलीत, स्क्रू पिळलेत, खाली उतरलात आणि हात झटकलेत. "झालं. आता मुंगीसुद्धा विचारून आत येईल."

भाच्याच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला अंधारातही दिसलं. "पाहिलंस ना आई?" तो म्हणाला. "गेलं ते. आता काही ऐकू येणार नाही तुला."

वन्सं खुर्चीतून उठल्या नव्हत्या. त्यांची मान एका बाजूला कललेली होती.

"आत आहे अजून," त्या म्हणाल्या.

भाचा माझ्याकडे वळून हलकेच म्हणाला, "मामी, हेच मी सांगत होतो." आणि त्याने बॅग पुन्हा उचलली.

मास्तर, तिथे काय काय होऊ शकलं असतं याचा मी नंतर पुष्कळ विचार केलाय. तुम्ही म्हणू शकला असतात, ताई, उंदीर असेल. आधी म्हणालाच होतात. जनावर सगळ्यांनी पाहिलं होतं, फळी बसली होती, तुमचं ठेवणीतलं वाक्य बोलून झालं होतं, ऐकायला शहरातला माणूस होता. तुमच्यासारख्या मिजासखोराला याहून बरा क्षण कुठला मिळणार. तुम्ही वन्संच्या तोंडाकडे बघत उभे राहिलात. मग खडू अडकवायच्या सवयीने कानामागे खोचलेला स्क्रूड्रायव्हर काढलात, शिडी चढलात, आणि आत्ता पिळलेले सगळे स्क्रू एकेक करून सोडवलेत. आमच्या सगळ्यांच्या देखत. तोंडाने एक अक्षर न काढता. हा एक चमत्कारच.

आत शिरलात. टॉर्चचा उजेड कौलांच्या फटींतून फिरताना दिसत होता. मग आतून आवाज आला, "ताई, कुठल्या अंगाला?"

"न्हाणीघराच्या वर जा," वन्संनी खालून सांगितलं. "अजून पुढे. थांबा. आता तुमच्या उजव्या हाताला. डाळ सांडतेय बघा."

"सापडली," तुम्ही म्हणालात. आणि मग, "साहेब, जरा वर या. आईने काय ऐकलं ते बघून जा."

भाचा वर गेला. खाली आला तेव्हा केसांत जळमटं होती. जुन्या गादीच्या गुंडाळीमागे पिल्लं होती, डोळे नुकते उघडलेली, आईविना सरपटत फळ्या नखांनी ओरबाडणारी. फळी तशीच राहिली असती तर पुढे काय झालं असतं ते सांगायला नको. तो वन्संच्या पायाशी ओट्यावर बसला.

"कधीपासून ऐकत होतीस गं?"

"तू फोनवर 'बरं बरं' म्हणत होतास ना, तेव्हापासून."

बॅग आत गेली. भाचा चहा पिऊन एकटाच गाडीत बसला. जाताना मला म्हणाला, "मामी, तिच्यावर लक्ष ठेवा," आणि स्वतःच ओशाळून हसला. पिल्लं चालती होईपर्यंत आम्ही त्या उदमांजराच्या भाडेकरूसारख्या खाली राहिलो. ती आपापल्या पायांनी गेल्यावर, वन्संनी हो म्हटल्यावर, मग तुम्ही फळी लावलीत. हात झटकले नाहीत.

त्यानंतर तुम्ही एक दिवस मोपेडवर आलात आणि ओशाळल्यासारखे उभे राहिलात. तो अवतार मी पहिल्यांदाच बघत होते. "ताई, एका ठिकाणी यायचं का? फळी लावायच्या आधी जरा ऐकून द्याल?" वन्संनी ओढणी डोक्याला बांधली आणि मागे बसल्या. बास. पुढची सगळी वर्षं तेच चाललं. परक्यांच्या घरात मधोमध खुर्ची टाकायची, फ्रिज बंद करायचा, पंखा बंद करायचा, आणि वन्संनी डोळे मिटून बसायचं. वटवाघळं म्हणजे कागद चुरगळल्यासारखं. भिंतीतल्या मधमाश्या म्हणजे शेजारच्या खोलीत कुणीतरी झोपेत पुटपुटतंय तसं. कुणी भांडं वाजवलं की तुम्ही खेकसायचात, "ताई ऐकतायत. चमचा ठेवा खाली." घरी आल्या की माझ्यापुढे मिरवायच्या. कुठलं घर, कुठलं जनावर, आत पिल्लं होती की नव्हती, आणि लोकांची स्वयंपाकघरं किती अस्वच्छ असतात. आमच्या वादात एका नव्या मुद्द्याची भर पडली. आता त्या कामावर जायच्या आणि मी रिकामटेकडी.

आभार मानायचे ते याचे, मास्तर. उदमांजर काय, कुणीही काढलं असतं. वन्संना त्यांचे कान तुम्ही परत दिलेत, आणि आधी स्वतः मान खाली घालून दिलेत. त्यांना स्वतःच्या घरात मिळालेली ही वर्षं तुमच्यामुळे आहेत. भाचाही हे जाणतो. फोनवर अजूनही पहिला प्रश्न तोच असतो, "आई, वर काय चाललंय?" आणि आता तो उत्तर ऐकून घेतो.

तुम्ही पडलात ते शिडीवरून नाही, स्वतःच्या घराच्या पायरीवरून. हेही नातवाला खरं सांगा. मुलगी आली आणि तुम्हाला घेऊन गेली, ते बरंच केलं. कंबर मोडलेल्या माणसाला कोण बघणार होतं इथे. वन्संनी मात्र विचारलं, "मास्तरांना विचारलं का कुणी, जायचंय का म्हणून?" मी म्हटलं, विचारलं असेल. मुली, विचारलं नसशील तर आता विचार.

एक राहिलंय. गिरणीवाल्याच्या माळ्यावर घुबडाचं बिऱ्हाड होतं. ते उडून गेलं असं तुमचं मत होतं, पण वन्संनी ऐकल्याशिवाय तुम्ही फळी लावायला तयार नव्हतात. नुसतं गोणपाट टाचून आला होतात. गुरुवारी दोघं जाणार होतात. वन्सं डोक्याला ओढणी बांधून ओट्यावर तुमच्या मोपेडची वाट बघत बसल्या होत्या, तेव्हा तुम्ही पडल्याचा निरोप आला. गिरणीवाला रस्त्यात भेटला की अजून मला विचारतो, फळी लावू का म्हणून. वन्सं म्हणतात, दुसऱ्या कुणाच्या गाडीवरून मी जाणार नाही. गोणपाट तसंच लटकतंय.