‘आली!’ म्हटलं की फोटो हलतो

विजांचे फोटो काढणाऱ्यांकडे फोटो साठायला हवेत. आमच्याकडे किस्सेच साठले!

आम्ही तिघं: मी, माझी बायको नंदा आणि शेजारचा सावंत. सावंत मूळचा रत्नागिरीचा, फोनवरसुद्धा हळू बोलणारा. मे महिन्यात संध्याकाळी ढग दाटले की पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर, जिन्याच्या छपराखाली आमची हजेरी. कॅमेरा माझ्या हातात. वीज चमकली की नंदा ओरडायची, "आली!" मी दचकायचो. फोटोत वीज कमी, थरथर जास्त!

"अगं, मला दिसते ती!"

"मग पकडत का नाही?"

हॉलमधली एक भिंत तिने मोकळी ठेवली होती. तिथे एकच फोटो लागणार होता, न हललेला.

*

एकदा सावंतने चुकून सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला: "वीज डोंगरीकडे गेली. लगेच निघा!"

खाली उतरतो तर तळमजल्यावरच्या शाहभाभी वाट अडवून उभ्या. "सावंतभाई, अपनी लाइट डोंगरीवालों को क्यों दे दी?"

*

ढगांच्या मागे स्कूटरवरून समुद्रकाठच्या पालीला गेलो, तेव्हाची गोष्ट. एका ओट्यावर कॅमेरा लावतोय, तेवढ्यात सुकत घातलेले बोंबील गोळा करणारी मावशी खेकसली, "फोटू मंग काडा, आदी बोंबील उचला! भिजले तं खानार काय, फोटू?"

आम्ही टोपल्या घेऊन धावलो. तेवढ्यात समुद्रावर उभी वीज कोसळली. नंदा ओरडली, "आली!"

माझ्या दोन्ही हातांत बोंबलांची टोपली.

"भाऊ," सावंत म्हणाला, "आज मात्र हात हलला नाही तुमचा!"

*

नंदा दिवाळीनंतर गेली.

या मेमध्ये सावंतने बेल वाजवली. "ढग आलेत, भाऊ."

"नको रे."

"वहिनींची भिंत रिकामीच ठेवायची काय?"

वर गेलो. वीज चमकली. कुणी ओरडलं नाही. फोटो निघाला, विजेची फांदी न् फांदी स्पष्ट.

सावंतने स्क्रीन पाहिली. "हलला नाही."

"नाही."

मी कॅमेरा परत ढगांकडे रोखला. मग पुन्हा आभाळ उजळलं, आणि सावंत गच्ची दणाणेल असा ओरडला, "आली!"

मी दचकलो.

दोन्ही फोटो घेऊन फ्रेमवाल्याकडे गेलो. एकावर बोट ठेवलं. तो म्हणाला, "अंकल, ये तो हिल गया है. दूसरा एकदम शार्प है, वो लगाऊँ?"

माझ्याआधी सावंतच बोलला, "नाय! हिलेलाच मंगता है!"