गडावरून दर्शन न घेता

माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही, हे मी आधीच सांगून टाकते. नाशिक रोडला एका छापखान्याच्या तपासणी विभागात माझी सव्वीस वर्षं गेली. छापून आलेला कागद उजेडात धरायचा आणि कुठे काय चुकलंय ते शोधायचं, हेच काम. ती नजर हळूहळू माणसांकडेही वळली. कुणी गोड बोललं की याला काय हवं असेल, हे आधी मनात यायचं. सप्तशृंगी आमची कुलदेवी. तिच्यावर तरी श्रद्धा होती असं मी म्हणत असे. आता आठवलं की वाटतं, तिच्याकडेही मी हमी मागायलाच जात होते.

गेल्या वर्षी माझ्या डाव्या स्तनात कॅन्सर निघाला. स्तन काढायचा आणि त्याच शस्त्रक्रियेत आत इम्प्लांट बसवायचं असं ठरलं. खरं तर ठरवलं मीच. ह्यांनी एकदा हळूच विचारलं होतं, "या वयात कशाला एवढं?" पन्नाशी उलटली म्हणून आरशासमोर उभं राहायचं थांबत नाही, हे कसं सांगणार?

इम्प्लांट बसवणाऱ्या डॉक्टर मॅडम माझ्या भाचीच्या वयाच्या. शांत बोलायच्या, आणि तेच मला खटकायचं. शस्त्रक्रियेच्या आधी सलाईनमधून अँटिबायोटिक दिलं, नंतर एक दिवस दिलं आणि बंद केलं. घरी जाताना कागदावर फक्त दुखण्याची गोळी. मी विचारलं, तेव्हा त्यांनी समजावलं की गोळ्या जास्त दिवस घेतल्या म्हणून संसर्ग टळतोच असं नाही. पोट बिघडतं, आणि पुढे खरंच गरज पडली तर जंतू औषधाला दाद देत नाहीत. त्यापेक्षा जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या ड्रेनच्या नळीची स्वच्छता ठेवा, आणि लाली दिसली, ताप आला, जागा गरम लागली तर ताबडतोब फोन करा, कुठल्याही वेळी करा.

माझ्या कानांनी मात्र एवढंच ऐकलं की ह्या गोळ्या देत नाहीत. कारण शेजारच्या पलंगावरच्या बाईंना, त्यांचे डॉक्टर वेगळे, दहा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. मग मला का नाहीत? विसरल्या असतील? की नव्या पद्धती माझ्यावर करून बघतायत? घरी येईपर्यंत माझी खात्री झाली होती की माझ्या बाबतीत काहीतरी राहून गेलंय.

वन्सं, म्हणजे माझी नणंद, भेटायला आल्या तेव्हा मी हे त्यांच्याकडे बोलले. त्यांनी दुसऱ्याच दिवशी ओळखीच्या मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या गोळ्यांची दोन पाकिटं आणून दिली. "आमच्याकडे सगळे हेच घेतात," म्हणाल्या. मी ती लपवून घेतली. ह्यांनाही सांगितलं नाही. चौथ्या दिवसापासून जुलाब सुरू झाले, तोंडाची चव गेली, तरी मी गोळी चुकवली नाही. उलट बरं वाटायचं, की जे काम डॉक्टरांनी केलं नाही ते मी केलं. पुढे नळी निघाली. मॅडमनी जखम पाहिली आणि छान आहे म्हणाल्या. मी मनात म्हटलं, तुमच्यामुळे नाही.

गोळ्या संपल्यावर आठवड्याभराने खालच्या बाजूला रुपयाएवढी लाली दिसली. दुसऱ्या दिवशी ती वाढली. अंग कसकसायला लागलं. फोन करायचा होता, नंबर समोर भिंतीवर लावलेला होता. पण फोन केला तर गोळ्यांचं सांगावं लागणार. त्या म्हणणार, सांगितलं होतं ना? आणि मनाचा दुसरा कोपरा म्हणत होता, चूक त्यांचीच, आता त्या सगळं माझ्यावर ढकलतील. सोमवारी दाखवायला जायचं होतं, तर घरी पाहुणे आहेत असं सांगून मी ते पुढे ढकललं. घरी पाहुणा एकही नव्हता. ह्यांना म्हटलं, मला गडावर घेऊन चला, नवस बोलले होते. त्यांना बरंच वाटलं. त्यांनी मित्राची गाडी मागून आणली.

वाटेत मी तापाची गोळी घेतली होती, त्यामुळे वणीपर्यंत ताप जाणवला नाही. रोपवेने वर गेलो. हे चपला ठेवायला आणि ओटीचं सामान घ्यायला थांबले, मी रांगेत शिरले. काखेत छोटी उशी धरली होती, गर्दीत धक्का लागू नये म्हणून. रांग हलत नव्हती. माझ्या मागे एक बाई उभी होती, साठीच्या आसपासची, हिरवं लुगडं, तळपायांना धुळीचा जाड थर. ती सारखी माझ्याकडे बघत होती. मी पर्स पुढे घेतली. ती अजून जवळ आली तेव्हा मी मंगळसूत्र पदराखाली सारलं. मागून लोंढा आला आणि तिने दोन्ही हात माझ्या खांद्यामागे आडवे धरले. मी झटकन वळले. रागावून काहीतरी बोलणार होते.

"ताई, आंग लय तापलंय तुमचं," ती हळूच म्हणाली. "डाव्या अंगाचं ऑपरेशन झालंय ना? उशी वळखली मी."

मी म्हटलं, तुम्हाला काय करायचंय?

तिला राग आला नाही. तिची धाकटी बहीण शाळेत शिक्षिका, तिचंही असंच ऑपरेशन झालं होतं, आत बसवलेलं होतं. तीही अशीच उशी घेऊन फिरायची. तिला लाली आली, ताप आला, तिने कुणाला सांगितलं नाही. "अंगावर काढलं तिनं. मग जहर रक्तात गेलं. ते बसवलेलं काढावं लागलं आन् बारा दिस ती शुद्धीत नव्हती. वाचली, पण लय वंगाळ दिवस काढले."

मी तरीही तिच्यात खोट शोधत होते. गडावर अशा बायका गोष्टी सांगून काहीबाही गळ्यात मारतात, असं मनात आलं. आता ही एखादा अंगारा काढेल, एखाद्या बाबाचं नाव सांगेल. मी वाटच बघत होते.

"डॉक्टरला फोन केला का?" तिने विचारलं.

मी नजर पुढच्या रांगेकडे वळवली. तिला कळलं.

"मग इथनंच माघारी फिरा. आई कुठं जात नाय."

समोर चार वळणं राहिली होती. गाभाऱ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या. एवढ्या जवळ येऊन देवीचं तोंड न बघता परत जायचं? मी तिथेच उभी राहिले आणि मला पहिल्यांदा जाणवलं की मी दर्शनाला आलेच नव्हते. मी लपायला आले होते. डॉक्टरांना तोंड दाखवायचं नव्हतं म्हणून देवीपुढे उभी राहणार होते. त्या बाईने माझा उजवा दंड धरला, रांगेच्या दांडीखालून मला बाहेर काढलं आणि ह्यांना शोधून माझा हात त्यांच्या हातात दिला. रोपवेपर्यंत आमच्याबरोबर आली. ह्यांचा नंबर तिने आपल्या साध्या फोनमध्ये घालून घेतला. त्यावरही मला संशय आला होता, हे लिहायला आज लाज वाटते.

गाडीत बसून मी स्वतः फोन केला. मॅडम म्हणाल्या, सरळ हॉस्पिटलमध्ये या. सोनोग्राफीत इम्प्लांटभोवती पाणी साचलेलं दिसलं. ते काढून तपासायला पाठवलं. मग त्यांनी विचारलं, मध्ये काही औषध घेतलं होतं का? जिभेवर "नाही" आलंच होतं. ह्यांच्याकडे बघून मी सगळं सांगितलं. रिकामं पाकीट घरी कपाटात होतं, ते मागवून घेतलं.

मी ओरडा खायला तयार होते. त्या पाकिटावरचं नाव वाचत राहिल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. नाहीतर मी उद्या याच जातीचं औषध सुरू करणार होते." गोळ्यांमुळेच हे झालं असं म्हणता येत नाही, पूर्ण काळजी घेऊनही काहींना संसर्ग होतोच, हेही त्यांनीच सांगितलं. पण त्या गोळ्यांतून निभावलेले जंतू आता त्यांना जुमानणार नाहीत अशी शक्यता होती. इम्प्लांट वाचेलच असं वचन त्यांनी दिलं नाही.

शिरेतून दुसरं औषध सुरू झालं. दोन दिवसांनी आत धुऊन इम्प्लांट बदललं. तपासणीचा अहवाल आला तेव्हा कळलं, मी खाल्लेल्या गोळ्यांचा त्या जंतूवर काही परिणामच होत नव्हता. पाचव्या दिवशी ताप उतरला. मॅडम जखम बघून गेल्या आणि मी पांघरुणात तोंड घालून खूप रडले. नवं इम्प्लांट टिकलं. डावी बाजू किंचित वर राहिली आहे, एवढंच.

मी दवाखान्यात असतानाच ह्यांना त्या बाईंचा फोन आला होता. कळवणजवळच्या त्या, घरी कांद्याची शेती. बहिणीसाठी बोललेला नवस फेडायला कळवणहून अनवाणी चालत आल्या होत्या. मला बाहेर काढलं तेव्हा त्यांचाही रांगेतला नंबर गेला. पुन्हा शेवटी उभं राहायला वेळ नव्हता, सोबतच्या बायकांची परतीची गाडी लागली होती. त्या तशाच गेल्या. हे ऐकल्यावर मी त्यांना फोन लावला. म्हटलं, माझ्यामुळे तुमचं दर्शन राहिलं.

"राहिलं ना," त्या म्हणाल्या. "वाईट वाटलं. परत जाईन की."

देवीनेच पाठवलं, असं मला लोक सांगतात. असेलही. मी वाद घालत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की त्या दिवशी देवीपाशी पोचण्याआधी मला थांबवलं गेलं, आणि जिने थांबवलं तिला मी चोर समजत होते. माझा संशय गेलेला नाही. आजही औषधाचा कागद हातात आला की मनात दहा प्रश्न उठतात. फरक इतकाच की आता ते मी समोरच्या माणसाला विचारते. शरण जाणं म्हणजे डोळे मिटून घेणं, असं मला वाटायचं. माझ्या वाट्याला आलं ते वेगळं होतं. जे लपवलंय ते उघडं करायचं, आणि पुढचं ज्याच्या हाती आहे त्याच्या हाती राहू द्यायचं.

मार्गशीर्षात पुन्हा मित्राची गाडी मागून मी त्या बाईंना कळवणहून सोबत घेतलं. गडावर रांगेत त्यांना माझ्या पुढे उभं केलं. देवीसमोर त्या बराच वेळ पुटपुटत होत्या, पुजाऱ्याने दोनदा पुढे चला म्हटलं. माझी पाळी आली तेव्हा मागायचं काही सुचलं नाही. मी नुसते हात जोडले आणि त्यांच्या मागोमाग बाहेर पडले.