उजवा खांदा, अर्धा इंच वर

टकटकताईचं खरं नाव हॉस्पिटलच्या हजेरीपटावर आहे, पण ते वाचायला तिथवर जातंय कोण. रेकॉर्ड रूमच्या दारावरून जाणाऱ्याला आतलं माणूस दिसायच्या आधी टकटक ऐकू येते, म्हणून ती टकटकताई. बावीस वर्षं एकच काम. डॉक्टर यंत्रात बोलून ठेवतात आणि ही हेडफोन लावून ते टाइप करते. हिचा कागद निघाल्याशिवाय पेशंट घरी जात नाही, आणि कागद कुठून निघतो ते कुणाला ठाऊक नाही. आभाळातून पडत असेल, असंच सगळे समजून चालतात.

आणि ही बाई बसते कशावर ते ऐका. खुर्चीतलं वर-खाली करायचं नळकांडं कधीचं मेलंय. सकाळी बसली की ताई टेबलाच्या वर असते, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत खुर्ची इतकी खाली जाते की हनुवटी टेबलाला टेकायची बाकी राहते. टेबल तरी टेबल आहे का? वॉर्डातून टाकून दिलेलं औषधांचं कपाट, त्यावर एक फळी. कपाटात गुडघे शिरत नाहीत. मग गुडघे खिडकीकडे, तोंड भिंतीकडे आणि उजवा हात लांबवून फळीवर. मागून कुणी हाक मारली म्हणून माणूस वळून बघतं ना, तसं. फक्त माणूस एकदा बघून पुन्हा सरळ होतं, ही आठ तास तशीच.

आता गंमत बघा. हाडांच्या डॉक्टरांचे दिवसाला तीसेक कागद हीच करते. प्रत्येकात शेवटी तेच: एका जागी अर्ध्या तासाच्या वर बसू नये, मान वळवून काम करू नये, पाठीला आधार असलेली खुर्ची वापरावी. दिवसातून तीस वेळा ताई हे मान वळवून टाइप करते.

दुखणं पहिल्यांदा पकडलं ते नवऱ्यानं. तो शिंपी. बोलायला काटकसरी, पण कापडाच्या बाबतीत त्याची नजर चुकायची नाही. नवा ब्लाउज बेतताना टेप खांद्यावरच राहिला.

"उजवा खांदा अर्धा इंच वर गेलाय तुझा."

"कापड बघा, मला काय बघता," ताई म्हणाली.

त्यानं मापांची जुनी वही काढली. लग्नापासूनची बायकोची मापं त्यात, वर्षावर्षाची. डावा खांदा आहे तिथेच. उजवा दर पाच-सहा वर्षांनी सुतासुतानं वर चढलेला. माणसानं वही मिटली आणि त्या दिवशी मशीनला हात लावला नाही.

ताईला मात्र खांद्याची नव्हे, बोटांची काळजी होती. अंगठा आणि शेजारची दोन बोटं दुपारनंतर बधिर व्हायची. घरी कप निसटला तर नवीन आणता येतो. पण मागच्या महिन्यात एका म्हाताऱ्याच्या गोळीच्या मात्रेतलं एक शून्य तिच्या हातून सुटलं. पुन्हा वाचताना सापडलं म्हणून बरं. त्या दिवसापासून ती प्रत्येक मात्रा दोनदा वाचायची. असंच चाललं तर एक दिवस कुणाच्या तरी जिवावर बेतेल, नाहीतर हात तरी जाईल.

खुर्ची-टेबलासाठी तिनं तीनदा अर्ज केला होता. कचेरीतल्या मोठ्या साहेबांनी तिन्ही वेळा कळवलं की बैठं काम हे हलकं काम, नवीन सामान जड कामाच्या विभागांना. फारच वाटत असेल तर कामाच्या स्वरूपाबद्दल डॉक्टरांचं लेखी आणा. साहेबांच्या स्वतःच्या खुर्चीला मान टेकायला वेगळी उशी आहे बरं का. दिवसभर ती मान कुठे वळते, देव जाणे.

तर ताईनं केसपेपर काढला आणि आपल्याच हॉस्पिटलात हाडांच्या डॉक्टरांच्या रांगेत उभी राहिली. नंबर एकेचाळीस. ज्या आवाजाची खोकल्यासकट अकरा वर्षं ओळख, तो माणूस तिनं पहिल्यांदा समोरून पाहिला. आवाजावरून तिला तो उंच वाटला होता. तो निघाला तिच्या खांद्याएवढा, म्हणजे डाव्या. त्यांनी हात दाबला, एक्स-रेचा फोटो उजेडाला धरला, काम काय विचारलं. टायपिंग म्हटल्यावर मान हलवली आणि वयाप्रमाणे होतंच असं, म्हणाले. दोन मिनिटांत बेचाळीस नंबर आत.

दुसऱ्या दिवशी हेडफोनमधून तिचीच केस आली. स्त्री, वय बावन्न, वयोमानानुसार मानेच्या मणक्यांची झीज. कामाचं स्वरूप हलकं, बैठं. विशेष सोयीची गरज नाही.

टकटक थांबली. खोलीतल्या बाकीच्या तिघींनी एकदम वर बघितलं, कारण ती टकटक मधेच कधी थांबतच नाही. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तिघींना कळल्यावर त्याही पेटल्या. त्यांचीही कपाटंच होती ना. त्यातली धाकटी म्हणाली, "ताई, एक शब्द बदलून टाका, हलकंच्या जागी जड. ते वाचतात कुठे, सही ठोकतात नुसती."

आता हे खरं होतं. बदलला असता तर कुत्रंही भुंकलं नसतं. पण बावीस वर्षांत ताईनं डॉक्टरांचा शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. जे ऐकलं तेच लिहायचं, शंका आली तर विचारायचं, ही त्या खोलीची रीत तिनंच तिघींना कान पिळून शिकवलेली.

"आज माझ्यासाठी बदलला, तर उद्या दुसऱ्याच्या गोळीचाही बदलायला हात धजेल," ती म्हणाली आणि तो कागद तसाच ठेवून पुढचा घेतला.

बाकीचे सगळे कागद वेळेवर वर गेले. एक गेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. निरोप आले, फोन आला. ताई गोड आवाजात सांगायची, शंका आहे, डॉक्टरांनीच खाली यावं. तिसऱ्या दिवशी कागदांचा हिशेब जुळेना म्हणून डॉक्टर स्वतः आले, नाकाच्या शेंड्यावर राग घेऊन. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"बसा ना डॉक्टर," म्हणून ताई उठली. दुसरी रिकामी खुर्ची होतीच कुठे.

डॉक्टर बसले. गुडघा कपाटावर आपटला. त्यांनी तो खिडकीकडे वळवला, मग तोंड भिंतीकडे वळवावं लागलं. ताई त्यांचं रेकॉर्डिंग शोधू लागली आणि काय सांगू, ते काही लवकर सापडेना. तिघींनी माना खाली घातल्या होत्या, एकीचे खांदे हसून हलत होते. खुर्ची सुस्कारा सोडत खाली चालली होती. दहा मिनिटांनी डॉक्टरांचा हात आपसूक मानेवर गेला.

तेव्हा ताईनं नवऱ्याची वही त्यांच्यापुढे उघडून ठेवली आणि कोणता आकडा कोणत्या वर्षाचा ते बोटानं दाखवलं. डॉक्टरांनी पानं उलटली, पण पुन्हा वयाचं काहीतरी पुटपुटले.

"वय दोन्ही खांद्यांना सारखंच झालं ना, डॉक्टर?"

डॉक्टरांनी वहीतले डाव्या-उजव्याचे आकडे बोटानं ताडून पाहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. तो शब्द तुम्हीच दुरुस्त करून घ्या."

"मी नाही करणार. तुम्ही बोला, मी ऐकेन तेच लिहीन."

तिनं यंत्र त्यांच्या तोंडापुढे धरलं. आणि डॉक्टर त्याच खुर्चीत, त्याच वळलेल्या मानेनं बोलले. आठ तास वाकडी बैठक, पाय शिरायला जागा नाही, हात अधांतरी. कामाचं स्वरूप जड. खुर्ची आणि टेबल ताबडतोब बदलावं. 'ताबडतोब' दोनदा म्हणाले. ताईनं दोनदा टाइप केलं.

महिन्यानं सामान आलं. एक खुर्ची, एक टेबल. सोबत साहेबांची चिठ्ठी: केवळ अपवाद म्हणून. म्हणजे चार बायका, चार कपाटं, आणि मान मात्र एकीलाच आहे असं कचेरीनं ठरवून टाकलं. ताईनं चिठ्ठी दोनदा वाचली, घडी घातली आणि संध्याकाळी नवऱ्याला टेप घेऊन बोलावलं. त्या माणसानं तिघींचे खांदे मापून तीन चिठ्ठ्या लिहून दिल्या, डावा इतका, उजवा इतका. एका शब्दाचीही मेहनत न घेता.

सोमवारी हाडांच्या डॉक्टरांकडे पहिले तीन नंबर रेकॉर्ड रूमचे होते.

मंगळवारी ताई नव्या खुर्चीत सरळ बसली, पाय टेबलाखाली लांब सोडले आणि हेडफोन लावला. ओळखीचा खोकला आला. मग एक लांबलचक सुस्कारा, आणि मग, कामाचं स्वरूप जड. सुस्कारा टाइप करायची रीत नाही, नाहीतर तिनं तोही केला असता.