शेजारणीकडे नेलेलं पिठलं

वॉशिंग्टन राज्यातल्या त्या डोंगराखालच्या गावात आम्ही पाच वर्षं काढली. त्यातली चार मी शेजारणीच्या जिवावर काढली. माझे यजमान लाकूड कापायच्या गिरणीत इंजिनिअर, तिचा नवरा पायलट. डोंगर इतके उभे की वर ट्रक जाऊच शकत नसत. तोडलेले ओंडके हेलिकॉप्टरच्या लांब केबलला लटकवून खाली आणायचे, हे त्याचं काम. दिवसभर डोक्यावर घरघर चालायची, माझं डोकं उठायचं. ती मात्र माझ्या स्वयंपाकघरात कॉफी पिताना मध्येच थांबायची, कान द्यायची, "माझा आहे," म्हणायची आणि पुढे बोलायला लागायची.

मला इंग्रजी बोलायचा धीर नव्हता आणि तिला गप्प बसायचा, त्यामुळे जमलं. गाडी चालवायला तिनं शिकवलं. माझ्या बाळंतपणाला आई येऊ शकली नाही, तेव्हा मी सांगितलं तसं माझ्या डोक्याला तेलसुद्धा तिनंच चोळलं, नाक मुरडत का होईना. मराठी मंडळी सगळी दोन तासांवर बेलव्ह्यूला. महिन्यातून एकदा तिकडे जायचं, तिथल्या काकूंच्या सूचना ऐकायच्या आणि डाळ-तांदूळ-बेसन घेऊन परत यायचं.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी यजमानांचा गिरणीतून फोन आला. "अगं, हेलिकॉप्टर पडलं. केबल झाडात अडकली म्हणतात. तिचा नवरा गेला."

मी फोन ठेवला आणि बेसनाचा डबा काढला. आमच्याकडे माणूस गेलं की त्या घरी चूल पेटत नाही. शेजारची बाई पिठलं-भात करून नेते. साताऱ्याला माझ्या आईनं गल्लीतल्या कितीतरी घरी नेला होता. अशा वेळी दुसरं काय करायचं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. रडत रडत पीठ कालवलं, गुठळ्या राहिल्या तरी तसंच शिजवलं आणि दोन पातेली घेऊन तिच्या दारात उभी राहिले.

तिनं दार उघडलं ते कोट घालूनच, हातात किल्ल्या. "जिवंत आहे! सिॲटलला नेलंय. मी निघालेय." मग तिचं पातेल्यांकडे लक्ष गेलं. "तू माझ्यासाठी स्वयंपाक केलास?"

ती पातेली हिसकावून घ्यावीत आणि गटारात ओतावीत असं मला झालं. तिनं ती माझ्या हातातून घेतली, गाडीत शेजारच्या सीटवर ठेवली आणि निघून गेली.

यजमान घरी आल्याबरोबर मी त्यांच्यावर तुटून पडले. "गेला म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला? जिवंत माणसाच्या घरी मी पिठलं नेऊन आले!"

"गिरणीत सगळे तसंच म्हणत होते. आणि अगं, पिठल्यानं कधी माणूस मरतो का?"

त्यांचं बरोबरच होतं. तरी मी आठवडाभर त्यांच्याशी धड बोलले नाही. देवापुढे बसले, उपास केले, मी नेलेलं ते पिठलं मोजू नकोस म्हणून हात जोडले. तिचा फोन यायचा. त्यानं डोळे उघडले, त्यानं माझा हात दाबला. एकदा म्हणाली, "पहिल्या दिवशी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसून तुझं ते पिवळं खाल्लं. दुसरं काही घशाखाली उतरलंच नसतं."

नवव्या दिवशी तो गेला.

ती परत आली, तेव्हा खरी वेळ होती. बेसन घरात होतं. मी डबा काढला, उघडला आणि परत जागेवर ठेवला. हात धजेनात. रिकाम्या हातानं गेले. तिच्या टेबलावर गावातल्या बायकांनी आणलेले झाकलेले ट्रे होते, मॅकरोनी, चिकन, केक. तिनं मला घट्ट धरलं. मग माझ्या खांद्यावरून टेबलाकडे बघत हळूच विचारलं, "ते पिवळं नाही आणलंस?"

"बेसन संपलंय," मी म्हणाले.

तिनं मान डोलावली. मी दुपारभर तिथे होते. तिनं एकाही ट्रेला हात लावला नाही.

वसंतात घर विकून ती मोंटानाला बहिणीकडे गेली. काही वर्षं ख्रिसमसला कार्डं आली, मग माझंच कार्ड परत आलं. पुढे आम्हीही बेलव्ह्यूला आलो आणि आता तिथली काकू मीच आहे. कुणाकडे कुणी गेलं की पिठलं-भात पहिला माझ्याकडून पोचतो. काकू किती करतात, म्हणतात लोक. मला तिची फार आठवण येते. इतक्या वर्षांत इतक्या मैत्रिणी झाल्या, पण माझ्या डोक्याला तेल चोळणारी तीच एक. आणि त्या दिवशी तिला, माझ्या हक्काच्या माणसाला, भूक लागली होती, तिनं तोंडानं मागितलं होतं, आणि मी तिला उपाशी ठेवलं.