एकच ओळ आहे हो, ताई!

तैवानमधल्या तायचुंगच्या त्या पतसंस्थेत युए-चिनताईंना चुकवून प्रोग्राममधलं टिंबसुद्धा कधी खऱ्या खातेदारांपर्यंत पोचलं नाही. लिहिणाऱ्याने लिहावं, चाचणीच्या मशीनवर तपासून घ्यावं. तिथून चालू मशीनवर चढवायचं की नाही, हे ताई ठरवणार. कोणी काय बदललं, कोणी तपासलं, सगळ्याची नोंद हवी म्हणजे हवी. लोक गयावया करायचे, "एकच ओळ आहे हो, ताई!" ताईंचं उत्तर ठरलेलं, "मग तपासायलाही एकच तास. पळा!"

आता त्यांच्या लेकीचे, वान-यूचे दिवस भरले होते. तिकडे बाळंतीण महिनाभर घरातच विश्रांती घेते आणि आई तिला आलं घालून, तिळाच्या तेलात कोंबडी रांधून घालते. ताई मात्र म्हणाल्या, "दोन दिवस येईन." वान-यू फोनवर ढसाढसा रडली. ताईंचा जीव तीळतीळ तुटत होता, पण काम सोपवायचं कोणावर? तेंगवर? चाळिशीचा तेंग कामात चोख, पण मेल्याच्या तोंडून 'नाही' म्हणून निघायचं नाही. मशीनने शहाण्यासारखं वागावं म्हणून त्यावर, नावाचा अर्थच 'शहाणा हो' असलेल्या कुरकुऱ्यांचा हिरवा पुडा ठेवायची सगळ्यांना सवय. ताई चिडवायच्या, "तेंगला कशाला हवाय पुडा? तो जन्माचाच शहाणा!"

निघायच्या दिवशी ताईंनी तेंगच्या सोयीसाठी आपल्या तपासणीच्या प्रोग्राममध्ये सुधारणा केली. चाचणी पार पडली. मग एक सूचना किचकट वाटली, म्हणून घाईघाईत तेवढी ओळ बदलली. आपलं लिहिलेलं आपणच चढवायचं नाही, म्हणून तेंगकडे पाठवलं आणि बॅग उचलली.

तेंग आला. कान लालबुंद. "ताई, हे नाही चढवता येणार. तपासलं ते वेगळं, आलंय ते वेगळं."

"अरे, एकच ओळ आहे रे! गाडी चुकेल माझी!"

"मग... तपासायलाही एकच तास," तेंग कसाबसा म्हणाला.

ताईंचा पारा चढला, शिवी अगदी ओठांवर आली, आणि एकदम त्यांना असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. गेली गाडी तर गेली! त्यांनी खणातला नवाकोरा हिरवा पुडा काढून तेंगच्या हातात कोंबला. "घे बाबा. आता तुझ्यासाठीही लागणार!"

मग बॅग खाली ठेवून लेकीला फोन लावला. "वानू, तिळाचं तेल किती आणू गं? महिन्याच्या हिशेबाने सांग."